तीन फुटी प्लांटेड टाकी: कॅनिस्टरला लिली पाइप, स्प्रे बार की जेट?

हिरवी_टाकी · फोंडा

नमस्कार मंडळी. झाडांच्या टाकीच्या कॅनिस्टरसोबत (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) आलेला आउटलेट, म्हणजे गाळलेलं पाणी टाकीत सोडणारा पाइप, काढून दुसरा लावायचा आहे. लिली (फुलासारख्या रुंद तोंडाचा पाइप, बहुधा काचेचा), स्प्रे बार (ओळीने भोकं पाडलेली आडवी नळी) आणि जेट (एकच अरुंद धार सोडणारं तोंड) या तिघांत गाडी अडली आहे. टाकीची कुंडली अशी:

टाकी ९०×४५×४५ सेमी, वरून उघडी. माती-दगड वजा जाता पाणी १५० लिटरच्या आसपास. कॅनिस्टरवर ताशी १२०० लिटर छापलंय, दोन्ही नळ्या १६/२२ (आतून १६, बाहेरून २२ मिमी). झाडांसाठी सिलिंडरचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड), तो पाण्यात मिसळणारा डिफ्यूझर इनलाइन, म्हणजे फिल्टरमधून टाकीकडे येणाऱ्या नळीतच. पुढे मॉन्टे कार्लो या बुटक्या झाडाचं कार्पेट, मागे रोटाला आणि लुडविजिया, मधोमध डावीकडून उजवीकडे आडवं गेलेलं मोठं लाकूड. कार्डिनल टेट्रा २५, ओटो ६, अमानो कोळंबी १०. ओपा जलप्रकल्पाचं नळाचं पाणी, टाकीत केएच (कार्बोनेट कठीणपणा) २.

आउटलेट मागच्या डाव्या कोपऱ्यात, तोंड सरळ समोर. इनलेट मागच्या उजव्या कोपऱ्यात.

तक्रारी तीन. उजव्या पुढच्या कोपऱ्यातलं कार्पेट पिवळं पडून सुटतंय. पाण्यावर तेलकट साय धरते. पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात. पाणी सध्या ३० ते ३१ अंश. ड्रॉप चेकर (सीओटू किती ते रंगाने दाखवणारी कुपी: निळा कमी, हिरवा पुरेसा, पिवळा जास्त) आउटलेटशेजारी लावलाय, तो पिवळसर हिरवा दाखवतो.

---

शेवाळवैरी · म्हापसा

आउटलेट नंतर, आधी प्रवाह मोज. १२०० हा आकडा रिकाम्या डब्याचा, पाणी वर चढवायचं नसतानाचा. मीडिया (डब्यात भरलेलं गाळण्याचं साहित्य), स्पंज, दीड-दोन मीटर नळी आणि इनलाइन डिफ्यूझर आला की त्यातलं साधारण निम्मं ते साठ टक्के हातात राहतं. स्पंज तुंबला असेल तर तेवढंही नाही.

कसं मोजायचं: आउटलेटचा पाइप काढ. नळीचं उघडं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धर, खाली खूण केलेली १० लिटरची बादली. बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघ. ३६००० भागिले सेकंद म्हणजे ताशी लिटर. नळी बादलीच्या तळापर्यंत खाली सोडायची नाही. तशी सोडली की सायफन पंपाच्या मदतीला येतो आणि आकडा फुगतो. निम्मे लोक इथेच फसतात आणि मग "माझा फिल्टर छापल्यापेक्षा जास्त देतो" म्हणून सांगत फिरतात.

आणि सीओटू रात्री बंद होतो ना?

---

हिरवी_टाकी · फोंडा

५४ सेकंद. म्हणजे ताशी ६६७ लिटर, टाकीतल्या पाण्याच्या साधारण ४.४ पट. सीओटूचा सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारी तोटी) लाइटच्याच टायमरवर आहे, दोन्ही एकत्र चालू, एकत्र बंद.

---

ओहळ · मडगाव

४.४ पट ठीक आहे. झाडांच्या टाकीत प्रत्यक्षातलं ४ ते ६ पट पुरतं. छापील आकडा टाकीच्या ८-१० पट घ्या असं जे सांगतात ते ही घट धरूनच. तुझ्याकडे पाणी पुरेसं फिरतंय, पण चुकीच्या वाटेने फिरतंय.

आत्ता धार मागच्या डाव्या कोपऱ्यातून निघते, समोरच्या काचेवर आपटून तिथेच मोडते. इनलेट मागे उजवीकडे, त्यामुळे उरलेलं पाणी लाकडाच्या मागून सरळ तिकडे ओढलं जातं. पुढचा उजवा कोपरा लाकडाच्या आडोशाला उपाशी. ड्रॉप चेकर आउटलेटशेजारी म्हणजे जिथे सीओटू सगळ्यात जास्त तिथलीच खबर देतो, शिवाय बारीक बुडबुडे थेट त्याच्या तोंडात शिरले तर रंग आणखी पिवळा. तो काढून त्या आजारी कोपऱ्यात, मातीपासून ८-१० सेमीवर लाव आणि दोन तास थांब, कारण त्याचा रंग पाण्यामागून तासा-दोन तासांनी चालतो. आत ४ केएचचं द्रावण भरलेलं असेल तर हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम (लिटरमागे ३० मिलिग्रॅम सीओटू). निळा दिसला तर कार्पेटचं दुखणं कळलं.

आता पहाटेचं. ३० अंशाला पाण्यात ऑक्सिजन मावतोच कमी. २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० ला ७.६. त्यात उष्ण पाण्यात मासे आणि फिल्टरमधले जीवाणू ऑक्सिजन जास्त खातात, आणि रात्री झाडंही खातात. वर साय असेल तर हवेतून आत येण्याची वाटही अडते. थंड प्रदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून आपण "पृष्ठभाग अजिबात हलू नये, सीओटू उडून जातो" हे पाठ करतो. गोव्यात मार्च ते मे तसं चालत नाही. सीओटू थोडा जास्त सोडावा लागला तरी चालेल, पण पाणी वरून थरथरलं पाहिजे. फुटता मात्र कामा नये, खळखळ आवाज आला की समज जास्त झालं. टाकीवर पंखा लावून पाणी गार करण्याचा मार्गही आपल्या दमट हवेत कोरड्या गावांइतका चालत नाही.

टायमर वेगळे कर. सीओटू लाइटच्या दीड-दोन तास आधी चालू, लाइट जाण्याच्या तासभर आधी बंद. लाइट गेला की एअर पंप चालू, सकाळी सीओटूबरोबर बंद. पहाटेचं तोंड मारणं यानेच बरंचसं थांबेल, आउटलेट कुठलाही असो.

लिली लावायचीच असेल तर जागा अशी: डावी किंवा उजवी आखूड काच, मागून एक तृतीयांश अंतरावर, तोंड टाकीच्या लांबीकडे. इनलेटही त्याच बाजूला. पाणी पृष्ठभागाखालून समोरच्या आखूड काचेपर्यंत जातं, खाली वळतं आणि मातीवरून इनलेटकडे परत येतं. इनलेट समोरच्या बाजूला ठेवला तर हे चक्र अर्ध्यावर तुटतं. १६/२२ ला १७ मिमीची लिली, १२/१६ ला १३ मिमीची. तोंडाची वरची कड पाण्याच्या पातळीला किंवा किंचित खाली. पातळी सेंटीमीटरभर खाली गेली की भोवरा धरून हवा ओढते. रात्री मुद्दाम पाइप तेवढा वर उचलून ठेवणारे ह्याचाच फायदा घेतात. झाडांच्या टाक्यांचे जपानी कलाकार ताकाशी अमानो यांच्या एडीए कंपनीपासून ही पद्धत रूढ झाली. पण रोज हाताने काच वर-खाली करणं म्हणजे एक दिवस ती तुटणारच. एअर पंप बरा.

---

शेवाळवैरी · म्हापसा

ताई, लिलीच्या देखणेपणाबद्दल वाद नाही. पण या टाकीत ती नको. हिशोब बघा.

ताशी ६६७ लिटर म्हणजे सेकंदाला १८५ मिली. लिलीचं तोंड ४ सेमी व्यासाचं धरलं तर पाणी सेकंदाला १५ सेमी वेगाने बाहेर पडतं. तेच पाणी ३ मिमीच्या १७ भोकांतून काढलं तर वेग सेकंदाला दीड मीटर. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखं. लिलीने ९० सेमी जायचं, वळायचं, आणि परत येताना मातीवर आडवं पडलेलं लाकूड ओलांडायचं. वरचा अर्धा प्रवास ती करेल, खालचा नाही. मोकळ्या, दगड कमी असलेल्या ९० सेमी टाकीत १७ मिमीची लिली चालते, ती तिची हद्दच. इथे लाकूड मध्ये आहे.

स्प्रे बार मागच्या काचेला लांबीभर लावला की प्रत्येक धारेला फक्त ४५ सेमी कापायचे. समोरच्या काचेवर आदळून पाणी खाली उतरतं आणि कार्पेटवरून मागे सरकतं. लाकूड लांबीच्या दिशेने पडलंय, त्यामुळे प्रत्येक धार त्याच्या वरून जाते, त्याच्याशी झुंजत नाही. इनलेट कुठल्याही मागच्या कोपऱ्यात राहू दे.

जेटचं म्हणाल तर चार फुटी टाकीत, फिल्टर तगडा असेल तर. तीन फुटीत एकच अरुंद धार म्हणजे समोर माती उकरली जाते, एका जागी झाडं आडवी होतात आणि तोंडाशी काळी दाढी (केसाळ काळं शेवाळ) धरते. आत्ता तुझ्याकडे जे आहे तेही एक प्रकारचं जेटच.

---

ओहळ · मडगाव

आडव्या लाकडाचा मुद्दा मान्य. या मांडणीला बारच. लिलीसाठी लाकूड हलवायला सांगणं म्हणजे सगळी टाकी नव्याने लावणं.

---

नवखा_वास्को · वास्को

मध्येच विचारतो, माफी असावी. माझी ३०×३०×३० ची टाकी, एक फायटर मासा, काठावर टांगायचा फिल्टर. धबधब्यासमोर फायटर थांबतच नाही. यालाही बार?

---

शेवाळवैरी · म्हापसा

नाही रे. २७ लिटरची टाकी, पाणी २२ च्या आसपास. धबधब्याच्या तोंडाला जाडसर स्पंजचा तुकडा अडकव आणि पाण्याची पातळी ओठाला भिडेल एवढी वर ठेव, पडण्याचं अंतरच राहता कामा नये. पातळी दोन सेमी खाली गेली की जोर आणि आवाज दोन्ही वाढतात, सीओटू देत असशील तर तोही उडतो. पुढे छोटा कॅनिस्टर घेतलास तर ९/१२ नळीवरचा स्पिन पाइप बघ, गोल भांड्यात पाणी फिरून मंद बाहेर येतं. ह्या धाग्यातलं बाकी काही तुला लागू नाही.

---

हिरवी_टाकी · फोंडा

ड्रॉप चेकर हलवला. दोन तासांनी निळा. तर बार ठरला. विकतचे बार ६० सेमीचे तुकडे जोडून येतात, भोकं मोठी आणि रंग हिरवा. मागे काळी फिल्म आहे. घरी करता येईल का?

---

साधापाइप · डिचोली

येईल की. दोन वाटा आहेत.

पहिली, अर्ध्या इंची सीपीव्हीसी. बाहेरून १५.९ मिमी, म्हणजे तुझी १६ ची नळी त्यावर थेट बसते; वर स्टीलची होज क्लिप. आतला व्यास १२.४ मिमी. पाइप सरळसोट, भोकं नेमकी येतात. दोष एकच, दुधी-पिवळा रंग काळ्या फिल्मसमोर डोळ्यात खुपतो. रंग मारू नकोस, पाण्यात राहून पापुद्रे सुटतात. दोन-तीन महिन्यांत शेवाळ चढून तो आपोआप तपकिरी होतो, तेवढं सोसणार असशील तर हाच घे.

दुसरी, ठिबकची १६ मिमीची काळी लॅटरल, ड्रिपर नसलेली, साधी. शेतीच्या दुकानात मीटरवर मिळते, दोन मीटर घेतलीस तरी खर्च नगण्य. काळी असल्याने फिल्मसमोर दिसतच नाही. पण गुंडाळीतून येते म्हणून वाकडी. कढत पाण्यात बुडवून मऊ कर, आत सरळ सळई घाल आणि गार होईपर्यंत सपाट जागी दाबून ठेव. तरी थोडा बाक राहतो, म्हणून सक्शन कप चारऐवजी पाच लाव.

माप: लांबी ८० सेमी. भोकं १७, दोन भोकांत ४.५ सेमी, दोन्ही टोकांना ४ सेमी मोकळे.

भोकांचा हिशोब महत्त्वाचा. १२.४ मिमीच्या पाइपचं पोट (आतल्या छेदाचं क्षेत्रफळ) सुमारे १२१ चौरस मिमी. ३ मिमीचं एक भोक ७ चौरस मिमी. सगळ्या भोकांची बेरीज पोटाएवढी किंवा त्याहून कमी हवी, म्हणजे १७. बेरीज पोटाहून बरीच जास्त झाली की धारा असमान होतात, काही भोकांतून जोरात आणि काहींतून नुसतं ओघळतं. विकतच्या बारचं दुखणं बहुधा हेच. उलट बेरीज फार कमी केली की वेग वाढतो पण पंपावर दाब येऊन एकूण प्रवाह पडतो. म्हणून आधी १७ ही भोकं अडीच मिमीची पाड, चालवून बघ, मग लागलं तर ३ ची कर. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

सरळ रेघ मारायला पाइप दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात टेकवून पेन्सिल ओढ. प्रत्येक खुणेवर खिळ्याने खड्डा पाड, नाहीतर ड्रिलचा बिट गोल पाइपवरून घसरतो. आधी २ मिमी, मग अडीच, ड्रिल हळू. पाइपच्या आत कातरणीचे काटे राहतात, ते पातळ गोल कानसीने किंवा तारेला चिंधी बांधून आरपार ओढून काढ. ते राहिले तर त्यात केस, तंतू, बारीक पानं अडकून महिन्यात भोकं बुजतात.

टोकाचं टोपण चिकटवू नकोस. सीपीव्हीसीचं टोपण घट्ट दाबून बसतं, एवढ्या दाबाला सुटत नाही. साफ करताना ते उघडता आलं पाहिजे. वळणाचा एल्बो चिकटवायचा असेल तर सॉल्व्हेंट कमीत कमी, २४ तास वाळव, मग एक दिवस बादलीत भिजत ठेवून ते पाणी फेक.

उंची: पाइपचा मध्य पातळीपासून २-३ सेमी खाली. भोकं आडवी, किंवा १०-१५ अंश वर. सायीसाठी वरचा कल बरा.

---

हिरवी_टाकी · फोंडा

पाणी एका टोकाकडून द्यायचं की मधून टी लावून?

---

साधापाइप · डिचोली

८० सेमीला एका टोकाकडून चालतं. १२० च्या टाकीत टी लाव, प्रत्येक हाताने निम्मंच पाणी नेल्यावर धारा जास्त सारख्या येतात. पण मधून उभी नळी आली की ती मागच्या काचेच्या मध्यावर दिसते, आणि टाकीचा फोटो काढणाऱ्याला ती खपत नाही.

---

कोळंबीवाला · पणजी

सायीबद्दल. बारने पाणी थरथरलं की साय बहुतेक मोडते. पण ती पिकते कुठून तेही बघा: जास्तीचं खाणं, कुजलेली पानं, आणि उघडी टाकी स्वयंपाकघराजवळ असेल तर तळणीचा धूर. रोज माशांच्या फोडी तळणाऱ्या घरात साय जायची म्हणजे टाकी हलवावी लागेल किंवा चिमणी लावावी लागेल.

काही लोक इनलेटवरच स्किमर (पृष्ठभागावरचं पाणी ओढणारं तोंड) बसवतात. काम करतो, पण त्याचं पाणी तळातल्या इनलेटमधून वजा होतं, आणि पातळी उतरली की तो हवा गिळतो. कॅनिस्टरमध्ये हवा साठून खडखड सुरू होते, प्रवाह अर्ध्यावर येतो. ९०×४५ च्या टाकीत एक सेंटीमीटर पातळी म्हणजे ४ लिटर. एप्रिल-मेमध्ये उघडी टाकी ते पटकन गमावते. चवथीला चार-पाच दिवस गावच्या घरी जाणार असाल तर जाण्याआधी स्किमर बंद करून पातळी काठोकाठ करून जा. मला विचाराल तर वेगळा छोटा टांगता स्किमर, टायमरवर दिवसाला २०-३० मिनिटं. रात्री नको, बारीक कोळंबी त्यात जाऊन बसते.

आणि इनलेटच्या जाळीवर स्पंज घाल. अमानो मोठी असते, ओढली जात नाही, पण रोटालाची तुटलेली पानं जातात, आणि मग बारची भोकं बुजतात. स्पंज दर आठवड्याला पाणी बदलताना पिळ. तुंबला की तुझे ६६७ चे ४०० व्हायला पंधरा दिवस लागत नाहीत, आणि लोक दोष आउटलेटला देतात.

---

शेवाळवैरी · म्हापसा

नळीबद्दलही सांगतो, कारण इथे स्वस्ताई महागात जाते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप बरेच जण लावतात. चालते, पण काही महिन्यांत कडक आणि पिवळी होते आणि वळणावर मोडते. मोडलेल्या जागी भोक अर्धं. बारीक नळीचा भुर्दंड किती असतो ते कळावं म्हणून: प्रवाह तोच ठेवला तर १६ ऐवजी १२ मिमी नळीत दाबाची घट सुमारे चौपट. म्हणून १६/२२ चा फिल्टर असताना १२/१६ चा आउटलेट लावू नये, काच कितीही सुंदर असो. नळी लागेल तेवढीच ठेव. कपाटात दीड मीटर गुंडाळून ठेवलेली जास्तीची नळी कशासाठी असते कोण जाणे.

सिलिंडरकडून येणारी सीओटूची बारीक नळी मात्र पीयूची (पॉलियुरेथेनची). सिलिकॉनच्या नळीतून वायू भिंतीतून झिरपतो.

---

हिरवी_टाकी · फोंडा

आणखी एक. वादळात वीज गेली की कॅनिस्टरचं काय? इथे मे अखेरपासून दिवसातून दोनदा जाते.

---

ओहळ · मडगाव

पंधरा मिनिटं, अर्धा तास गेली तर काही होत नाही. कॅनिस्टर बंद डबा आहे, आतले जीवाणू उरलेला ऑक्सिजन संपवतात आणि मग मरायला लागतात. तीन-चार तास गेली आणि पाणी ३० अंशावर असेल तर वीज आल्यावर आतलं पहिलं पाणी टाकीत सोडू नकोस. आउटलेटची नळी काढून दोन-तीन लिटर बादलीत जाऊ दे. कुजका वास आला तर मीडिया टाकीच्याच काढलेल्या पाण्यात विसळ.

इन्व्हर्टरवर फिल्टर लावणार असशील तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर पंपाची मोटर गुणगुणते आणि तापते. नाहीतर फिल्टर राहू दे, बॅटरीवरचा एअर पंप पुरे. वीज गेल्यावर माशांना ऑक्सिजन आधी लागतो, गाळणं नंतर.

सायफनही लक्षात ठेव. कॅनिस्टरजवळ नळी सुटली तर पाणी दोन्ही वाटांनी उतरतं. बारच्या बाजूने फक्त भोकं उघडी पडेपर्यंत, म्हणजे तीन सेमी, १२ लिटर. इनलेटच्या बाजूने जवळजवळ सगळी टाकी. म्हणून इनलेटच्या उभ्या पाइपला पातळीखाली ५-६ सेमीवर ३ मिमीचं भोक पाडतात, पाणी तिथवर उतरलं की हवा शिरून सायफन तुटतो. त्याचा तोटा कोळंबीवाल्यांनी सांगितला तोच: बाष्पीभवनाने पातळी तिथे पोचली तर फिल्टर हवा खातो. उघडी टाकी असून पाणी भरायला विसरत असशील तर भोकाच्या नादी लागू नकोस, होज क्लिपा घट्ट ठेव.

---

शेवाळवैरी · म्हापसा

बार लावल्या दिवशीच सीओटू वाढवू नकोस. आत्तापर्यंत अर्ध्या टाकीलाच तो मिळत होता, आता सगळीकडे पोचेल आणि वरून थोडा उडेलही. आठवडाभर जुन्याच बुडबुड्यांवर चालव. केएच २ असेल तर सूत्राने ३० पीपीएमला पीएच ६.३ येतो. पण माती आणि लाकूड दोन्ही आम्ल सोडतात, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबू नकोस. पेलाभर पाणी २४ तास उघडं ठेवून त्याचा पीएच घे, आणि लाइट लागल्यावर दोन तासांनी टाकीतला घे. फरक १ चा आला म्हणजे पोचलास. वाढवायचं तर थोडं थोडं, सुटीच्या दिवशी, घरी असताना. मासे वर आले की लगेच बंद.

---

वाचक_पेडणे · पेडणे

माझ्याकडे स्टीलची लिली आहे. दोन महिन्यांत बाहेरच्या बाजूला चहाच्या रंगाचे डाग आले. खराब माल का?

---

ओहळ · मडगाव

३०४ ग्रेडचं स्टील असेल. समुद्राकाठच्या खारट दमट हवेत ३०४ वर असे डाग पडतात, टाकीच्या पाण्याचा दोष नाही. ३१६ कमी डागाळतं. सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने पुसून काढ, स्वच्छ धू, कोरडं कर. ब्लीचमध्ये भिजवू नकोस, स्टीलला बारीक खड्डे पडतात.

काचेच्या पाइपला मात्र ब्लीचच बरं. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग, तास-दोन तास, मग लांब लवचीक ब्रश, मग भरपूर पाणी, शेवटी क्लोरीन काढणाऱ्या औषधाच्या पाण्यात अर्धा तास. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. काचेवरून नळी काढताना ओढू नये. नळीचं टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धर, नाही निघाली तर नळी उभी चीर. काच नेहमी वळणावर तुटते, म्हणून पकड नळीच्या अगदी जवळच्या सरळ भागावर.

---

हिरवी_टाकी · फोंडा

लॅटरलचा बार केला, अडीच मिमीची १७ भोकं, कल थोडा वर. धारा समोरच्या काचेला पोचतात. साय गेली. उजव्या पुढच्या कोपऱ्यातला ड्रॉप चेकर आता हिरवा. एक गंमत: दर दहा-बारा मिनिटांनी बारच्या बंद टोकाकडून मोठा बुडबुडा "भुडुक" करून निघतो आणि त्या वेळी टोकाची दोन भोकं क्षणभर थांबतात.

---

साधापाइप · डिचोली

इनलाइन डिफ्यूझरचा न विरघळलेला वायू आहे. पाइपमध्ये वरच्या बाजूला साठतो, बार टोकाकडे किंचित वर चढलेला असेल तर सगळा तिथेच जमतो. आधी बार पातळीत आहे का ते पाण्याच्या रेषेशी ताडून बघ. तरी राहिलं तर टोपणापासून एक सेमीवर, पाइपच्या अगदी माथ्यावर १ मिमीचं भोक पाड. वायू तिथून सतत बारीक निघत राहील. फार निघतोय असं वाटलं तर डिफ्यूझर कॅनिस्टरच्या तोंडाजवळ खाली सरकव, टाकीपर्यंतची सगळी नळी विरघळायला मिळते. आत्ता तो कुठे बसवलाय, टाकीच्या काठाशी का?